खळ्यावर हळद आणि डोक्यावर ढग
(चैत्रअखेरीस हळदपट्ट्यातील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



जिल्हा बैठकीत आपण भावाविषयी बोलतो, कर्जाविषयी बोलतो, विजेविषयी बोलतो. आज आम्ही येत्या आठवड्याच्या हवामानाविषयी बोलायला उभे आहोत. काहींना वाटेल, हे काम रेडिओचे आहे. पण आज या मंडपात बसलेल्या निम्म्या लोकांचे लक्ष भाषणाकडे नाही, पश्चिमेच्या ढगाकडे आहे, हे आम्हाला इथून दिसते. हळद शिजवून खळ्यावर पसरलेली आहे. कांदा काढून बांधावर पडलेला आहे. केसर झाडावर आहे. वर्षभराचा पैसा या दिवसांत उघड्यावर पडलेला असतो. मग आठवड्याचे हवामान हा चळवळीचा विषय नाही, असे कसे म्हणणार?

एक गोष्ट आधीच सांगतो. येत्या आठवड्यात पाऊस पडेल की नाही, हे आम्ही सांगणार नाही. हे भाषण छापून तुमच्या हाती पडेल तेव्हा आजचा अंदाज शिळा झालेला असेल. ताजा अंदाज पुण्या-मुंबईच्या वेधशाळेकडून रोज मिळतो, आणि मंगळवारी व शुक्रवारी परभणीच्या कृषी विद्यापीठाकडून शेतीच्या सल्ल्यासकट मिळतो. तो वाचायचा कसा आणि वाचून करायचे काय, एवढेच आज बोलायचे आहे.

आमचीच चूक

सुरुवात आमच्या चुकीपासून करतो. दोन वर्षांमागे याच दिवसांत आमच्या खळ्यावर वीस क्विंटल हळद वाळत होती. अंदाज आला होता : मराठवाड्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका पाऊस. आम्ही ‘तुरळक’ हा शब्द वाचला आणि निश्चिंत झालो. तुरळक म्हणजे नसल्यातच जमा, असा आपला समज. त्या दिवशी दुपारी चारपर्यंत आभाळ निरभ्र होते. साडेपाचला वावटळ सुटली आणि सहाला अर्धा तास पाऊस झोडपून गेला. शेजारच्या गावात थेंब नाही. आमची हळद भिजली, तिचा रंग गेला आणि बाजारात ती वेगळ्या ढिगात टाकली गेली.

त्या रात्री गावात सगळे वेधशाळेला शिव्या देत होते. आम्हीही दिल्या. नंतर अंदाजाचा कागद पुन्हा वाचला तेव्हा कळले की वेधशाळेने खोटे सांगितलेले नव्हते. तिने जे सांगितले ते आम्हाला वाचता आले नव्हते.

अंदाजाची भाषा

वेधशाळेच्या भाषेत प्रत्येक शब्दाला माप आहे. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या शंभर केंद्रांपैकी पंचवीसपर्यंत केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पंचवीसच्या वर, पन्नासपर्यंत. ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पन्नासच्या वर, पंच्याहत्तरपर्यंत. ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून जास्त. म्हणजे तुरळक हा शब्द पाऊस किती जोराचा ते सांगत नाही, किती जागी ते सांगतो. पाऊस तुरळक ठिकाणी पडेल आणि जिथे पडेल तिथे धुऊन नेईल, असे होऊ शकते. एप्रिल-मे महिन्यांत बहुधा तसेच होते.

पावसाच्या जोराचे शब्द वेगळे आहेत. चोवीस तासांत साडेपंधरा मिलिमीटरपर्यंत हलका, त्यापुढे साडेचौसष्टच्या आत मध्यम, त्यापुढे जोरदार. आता बघा, खळ्यावरच्या हळदीला हलका आणि मध्यम यांत काय फरक? दहा मिलिमीटरही तिला पुरे आहे. ज्या पावसाला सरकार हलका म्हणते, तो आपल्याला या महिन्यात सर्वांत जड पडतो.

तिसरी गोष्ट रंगांची. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा. हे रंग मुख्यतः शासनयंत्रणेने काय करावे यासाठी ठरवलेले आहेत. तहसीलदाराला पिवळ्यावर स्वस्थ बसता येते. ज्याचा माल उघड्यावर आहे त्याने पिवळ्यालाच उठावे.

चौथी गोष्ट दिवसांची. अंदाज सात दिवसांचा असला तरी सातही दिवस सारख्या वजनाचे नसतात. पहिल्या दोन-तीन दिवसांवर काम ठरवावे. चौथ्या-पाचव्या दिवसासाठी तयारी ठेवावी. सहावा-सातवा दिवस फक्त कल पाहण्यासाठी आणि तो रोज नव्याने पाहायचा. सोमवारी पाहिलेला अंदाज शनिवारी कवटाळून बसणे म्हणजे मागच्या बाजाराच्या भावाने आज माल विकायला निघण्यासारखे आहे.

हे ढग येतात कुठून

चैत्र-वैशाखात आपली काळी जमीन तापते आणि तिच्यावरची हवा तापून वर उठते. या दिवसांत विदर्भापासून मराठवाडा, कर्नाटक करीत थेट तमिळनाडूपर्यंत हवेच्या कमी दाबाचा एक पट्टा वारंवार तयार होतो. उत्तरेकडून येणारे कोरडे वारे आणि बंगालच्या उपसागराकडून येणारे दमट वारे या पट्ट्यात एकमेकांना भेटतात. खाली तापलेली दमट हवा आणि वर थंड हवा असली की दुपारनंतर ढग उभे वाढतात. म्हणून सकाळ स्वच्छ असते, दुपारी अंगाची काहिली होते, तीन-चारनंतर ढग दिसतो आणि सांजच्याला वादळ येते. ढग फार उंच गेला तर पाण्याचे थेंब वर गोठतात. वर चढणारी हवा त्यांना पेलून धरते तोवर ते वाढत राहतात, आणि पेलवेनासे झाले की गारा होऊन खाली येतात.

असा एक ढग काही किलोमीटरच रुंद असतो. उद्या संध्याकाळी तो बसमतवर फुटेल की औंढ्यावर, हे आज सकाळी कोणालाही नेमके सांगता येत नाही. आज एवढेच सांगता येते की उद्या असे ढग होण्यासारखी हवा आहे. ढग तयार झाल्यावर मात्र रडारवर तो दिसतो आणि वेधशाळा पुढच्या तीन तासांचा इशारा देते. म्हणून सकाळी दिवसाचा अंदाज आणि दुपारी दोननंतर तीन तासांचा इशारा, असे दोनदा पाहायची सवय लावा. घरात ज्या पोराच्या हाती मोबाइल असतो त्याला हे काम लावून द्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ नावाचे अॅप आसपासच्या वीस-चाळीस किलोमीटरांतल्या विजांची सूचना देते. ते फुकट आहे.

एकाच आठवड्याची दोन तोंडे

या दिवसांतला आठवडा किती दगाबाज असतो, हे २०२३ च्या एप्रिलने दाखवले. ९ एप्रिलला अकोला जिल्ह्यातल्या पारस गावी वादळी पावसात लोक मंदिराजवळच्या टिनाच्या शेडमध्ये आडोशाला थांबले होते. जुने झाड शेडवर कोसळले आणि सात जण गेले. त्यानंतर सातव्या दिवशी, १६ एप्रिलला, नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर भर उन्हात झालेल्या सरकारी सोहळ्यात उष्माघाताने चौदा जणांचे प्राण गेले. तिथे तापमान चाळीसच्याही आत होते. एकाच राज्यात, आठवडाभराच्या आत, वादळानेही माणसे मेली आणि उन्हानेही.

उष्णतेच्या आकड्याचेही असेच आहे. मैदानी भागात कमाल तापमान चाळीसला पोचलेले असावे आणि ते नेहमीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असावे, किंवा सरळ पंचेचाळीस व्हावे, तेव्हा वेधशाळा उष्णतेची लाट म्हणते. हा आकडा सावलीतल्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो. हळद खणणारी आपली मायबहीण सावलीच्या पेटीत बसून खणत नाही. तेव्हा लाट जाहीर होण्याची वाट पाहू नका. बेचाळीसचा अंदाज दिसला की काम पहाटे सुरू करून अकराला थांबवा, मजुरांनाही थांबवा, जनावरांना दुपारी सावली आणि दोन वेळा जास्तीचे पाणी द्या. अर्धी रोजंदारी बुडते हे खरे, पण दवाखान्याचे बिल अर्ध्या रोजंदारीत भागत नाही.

विजेबद्दल चारच वाक्ये. गडगडाट ऐकू आला की शेत सोडा. झाडाखाली, टिनाच्या शेडखाली, विजेच्या खांबाजवळ थांबू नका आणि बैल झाडाला बांधून ठेवू नका. पक्के घर जवळ नसेल तर सखल जागी पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका. वीज पडून माणूस गेला तर वारसांना राज्य शासनाची चार लाखांची मदत असते; त्यासाठी पंचनामा आणि शवविच्छेदन लागते, ते दुःखाच्या भरात राहून जाऊ देऊ नका.

खरा-खोटा सोडा, हिशेब मांडा

आता मुद्द्यावर येतो. गावोगाव एकच वाद चालतो : अंदाज खरा ठरतो की खोटा? आमचे म्हणणे असे, की हा वाद शेतकऱ्याच्या कामाचा नाही. अंदाजावर विश्वास ठेवायचा नसतो आणि अविश्वासही दाखवायचा नसतो. हिशेब मांडायचा असतो.

वीस क्विंटल हळद खळ्यावर आहे. भिजली तर क्विंटलला दोन हजार रुपये कमी मिळतील असे धरा. नुकसान चाळीस हजार. ती गोळा करून ताडपत्रीखाली घालणे आणि सकाळी पुन्हा पसरणे, याला चार माणसांची मजुरी सोळाशे रुपये धरा. चाळीस हजार भागिले सोळाशे, उत्तर पंचवीस. म्हणजे तुम्ही पंचवीस वेळा हळद झाकली, चोवीस वेळा पाऊस आलाच नाही आणि एकदाच आला, तरी हिशेब बरोबरीत सुटतो. तुरळक पावसाच्या दिवशी तुमच्या खळ्यावर पाऊस येण्याची शक्यता चारात एक नाही, दहात एक धरा. तरी झाकण्यातच फायदा आहे. चार दिवस झाकून पाऊस आला नाही म्हणून वेधशाळेला हसू नका. दाराला कुलूप लावले आणि चोर आला नाही, म्हणून कुणी कुलपाला हसत नाही.

आता हाच हिशेब दुसऱ्या कामाला लावा. मेअखेरीस वळीव बरसतो, ‘मोसमी पाऊस लवकर येणार’ अशी बातमी येते आणि तिफणी निघतात. सोयाबीनला एकरी बी, खत, पेरणी मिळून सहा हजार धरा. आठ दिवस आधी पेरल्याने एकरी हजाराचा फायदा होतो, असे उदार मनाने धरू. सात वेळा असा डाव टाकलात, सहा वेळा साधला आणि एकदाच उगवण करपली, तर सहा वेळचा फायदा त्या एका फटक्यात जातो. सातात एकदाच पाऊस दगा देईल, अशी खात्री आपल्यापैकी कोण देतो?

२०२५ साल आठवा. मोसमी पाऊस २६ मे रोजी मुंबईत पोचला, नेहमीच्या ११ जूनच्या सोळा दिवस आधी. बातमी खरी होती, तारीख खरी होती. पण त्यानंतर त्याची वाटचाल जूनच्या मध्यापर्यंत थबकली. पाऊस आला हे खरे आणि पाऊस टिकला नाही हेही खरे. म्हणून कृषी विद्यापीठे सांगतात ते सूत्र सोडू नका : पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय पेरू नका. पेरणी अंदाजावर करायची नाही, जमिनीतल्या ओलीवर करायची.

म्हणजे झाकण्यासाठी थोडीशी शक्यताही पुरे, आणि पेरण्यासाठी मोठी शक्यताही अपुरी. अंदाज एकच, हिशेब दोन. ज्या कामात चूक झाली तर थोडे जाते तिथे अंदाज लगेच ऐका. ज्या कामात चूक झाली तर सगळे जाते तिथे अंदाजाला थांबायला सांगा. अक्षय्य तृतीयेला बुलढाण्याच्या भेंडवळची घटमांडणी ऐकायला हजारो लोक जातात. जाऊ द्या, जुनी रीत आहे. पण तिच्यावर बियाण्याची पिशवी फोडू नका.

आमचे भांडण कशाबद्दल

आता कुणी म्हणेल, तुम्ही वेधशाळेची वकिली करायला आलात काय? नाही. २०१७ साली बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी चुकलेल्या अंदाजाबद्दल वेधशाळेविरुद्ध पोलीस ठाण्यात तक्रार दिली होती. त्यांचा संताप आम्हाला समजतो. पण आमचे भांडण ढगाच्या लहरीशी नाही. जे माणसाच्या हातात आहे आणि केले जात नाही, त्याच्याशी आहे.

पहिले भांडण मोजमापाचे. त्या संध्याकाळी आमच्या गावात पाऊस झाला. आम्ही एका कार्यालयात गेलो. तिथे उत्तर मिळाले, मंडळाच्या केंद्रावर नोंद शून्य आहे. केंद्र आमच्या गावापासून बारा किलोमीटरवर आणि ढग चार किलोमीटरचा. कागदावर पाऊस नाही, म्हणून आमची हळद भिजलेली नाही! महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रे उभारण्याची राज्याची ‘महावेध’ योजना २०१७ मध्ये सुरू झाली; ती झाली हे चांगलेच झाले. पण वळवाचा पाऊस मंडळाची हद्द पाहून पडत नाही. आणि यंत्रेही चुकतात. २०२४ च्या मे महिन्यात नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले. नंतर यंत्रातला दोष निघाला. छपन्न आकडा अचाट होता म्हणून तपासला गेला. एखाद्या केंद्राने पाऊस असताना शून्य दाखवले, तर तो शून्य कोण तपासणार? फळबागेचा हवामानावर आधारलेला विमा याच आकड्यांवर ठरतो.

दुसरे भांडण सल्ल्याचे. २०१८ पासून कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा पातळीवरची हवामान सल्ला केंद्रे सुरू झाली होती. देशभरातली अशी १९९ केंद्रे २०२४ साली बंद करण्यात आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रामपंचायतनिहाय अंदाज देण्याची योजना आली, आणि २०२५ च्या मे महिन्यात सहा किलोमीटरच्या चौकटीपर्यंत अंदाज करणारी नवी यंत्रणा सुरू झाली. अंदाज बारीक होत गेला ही आनंदाची गोष्ट. पण त्याचा अर्थ ज्याला जिल्ह्यातले पीक माहीत आहे त्याने सांगायचा, तो माणूसच काढून टाकला. आरसा मोठा केला आणि दिवा विझवला.

तिसरे भांडण जोखमीचे. २०२५ च्या खरिपापासून राज्याने एक रुपयातला पीकविमा बंद केला आणि स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचे नुकसान अशा बाबी विम्यातून वगळल्या. काढून ठेवलेला माल गारांनी गेला तर विमा आहेच, अशा समजुतीत राहू नका. आपल्या पिकाला आज काय लागू आहे, हे हंगामाच्या आधी लेखी विचारून घ्या. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट ज्यांनी पाहिली त्यांना ठाऊक आहे की मदतीची घोषणा गारांइतक्या वेगाने येत नाही.

आणि मूळ प्रश्न पुन्हा भावाचाच आहे. हळदीला नीट पैसा मिळत राहिला असता तर प्रत्येकाच्या खळ्यावर छप्पर असते, कांद्याला चाळ असती, आणि वळवाचा ढग पाहून छाती धडधडली नसती. ढग सगळ्यांवरच येतो. उघड्यावर मात्र तोच सापडतो ज्याच्या पदरी छपरापुरताही पैसा उरत नाही.

उद्यापासून काय करायचे

ठराव तर करूच : प्रत्येक ग्रामपंचायतीत पर्जन्यमापक, त्याची नोंद रोज फळ्यावर, बिघडलेल्या केंद्राची जाहीर सूचना, आणि जिल्हा हवामान सल्ला केंद्रे पूर्ववत सुरू करणे. पण ठराव मंजूर होईपर्यंत ढग थांबणार नाही. म्हणून तीन कामे आपली आपण करू.

एक, प्रत्येक शाखेने गावात एक साधा पर्जन्यमापक बसवावा. झाड आणि भिंत यांपासून दूर, मोकळ्या जागी. रोज सकाळी साडेआठला मोजावे, कारण वेधशाळाही त्याच वेळेला मोजते. एक खूण ध्यानात ठेवा : साडेआठला मोजलेला पाऊस त्या तारखेच्या नावावर जातो. म्हणजे नऊ तारखेच्या संध्याकाळचा पाऊस दहा तारखेच्या नोंदीत सापडतो. दाखला मागायला जाल तेव्हा दोन्ही तारखा मागा. आमची वही सरकार लगेच मानणार नाही. पण दहा गावांच्या वह्या एक सांगतील आणि मंडळाचे यंत्र दुसरे, तेव्हा बोलायला आपल्या हाती कागद असेल.

दोन, फळ्यावर रोज सकाळी तीन ओळी लिहाव्या : आजचा रंग, ‘तुरळक’ की ‘काही ठिकाणी’, आणि कमाल तापमान. ज्याच्याकडे मोबाइल नाही त्यालाही वाचता यावे.

तीन, चार-पाच घरांनी मिळून ताडपत्र्या एकत्र कराव्या. सगळ्यांची हळद एकाच दिवशी खळ्यावर नसते. दुपारी इशारा आला की ज्याचा माल उघडा असेल त्याच्याकडे सगळ्यांनी धावावे. याला अनुदान लागत नाही, अर्ज लागत नाही.

आता भाषण पुरे. अडीच वाजत आले आहेत आणि पश्चिमेचा ढग मघापेक्षा उंच झाला आहे. ज्यांचा माल खळ्यावर आहे त्यांनी चहाला थांबू नये, सरळ घर गाठावे. ठरावावर तुमचा हात वर आहे असे आम्ही धरून चालतो. बाकीचे थांबा, पर्जन्यमापकांची वर्गणी आजच गोळा करू.